लाकडी चिरायची फळी आणि पोळपाट घरी करताना: वाळवणीपासून तेल मुरवण्यापर्यंतचा नीट क्रम

चिरायची फळी वैशाखात मधोमध फाटते, पोळपाट श्रावणात डुगडुगतो, चाटूला महिनाभरात खवट वास येतो. अशा वेळी लोक लाकडाच्या जातीला दोष देतात. पण चांगल्या सागाचीही फळी फाटते आणि साध्या शिवणीचा पोळपाट वीस वर्षं टिकतो. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: काम कुठल्या महिन्यात केलं आणि कुठलं काम कशाच्या आधी केलं.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. ऑगस्टमध्ये त्याच घरात मीठ ओलं होतं. लाकूड हवेच्या हिशेबानं ओलावा घेतं आणि सोडतं. सावलीत ठेवलेल्या फळीत मे अखेरीस ५-६ टक्के ओलावा उरतो, तर भर पावसाळ्यात तो १५-१६ टक्क्यांवर जातो. या चढउतारात १२ इंच रुंदीची आडव्या चिराईची (टोकाला झाडाच्या वळ्या आडव्या दिसतात ती) सागाची फळी रुंदीत दीड-पावणेदोन सूत कमीजास्त होते. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदल होत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती लक्षात ठेवून वाचा.

खाली मुख्य उदाहरण १५ इंच लांब, १० इंच रुंद आणि तयार झाल्यावर ७ सूत जाड अशा चिरायच्या फळीचं आहे. पोळपाट, लाटणं, चाटू आणि काठवट यांत जे वेगळं करावं लागतं ते शेवटाकडे दिलं आहे.

## पायरी १: लाकूड निवडा

साग सर्वांत भरवशाचा, कारण तो ओलाव्यानं कमी हलतो आणि उधई त्याच्या पक्क्या भागाला सहसा लागत नाही. हत्यारांची धार मात्र तो लवकर खातो. शिवण हलकी आणि शांत, पोळपाटाला उत्तम. हळदू आणि कळम बारीक पोताचे, खरादावर सुरेख उतरतात, लाटण्यासाठी तेच घ्या. शिसव जड आणि टिकाऊ, पण महाग. चिंच घट्ट आणि चिवट, मटण तोडायच्या ठोकळ्याला तिच्यासारखं लाकूड नाही. बाभूळ मजबूत आहे, पण वाळताना फार तडकते आणि सुरीची धार घालवते. पहिल्याच कामाला ती घेऊ नका. आंबा स्वस्त मिळतो, पण त्याला घुण लवकर लागतो, म्हणून फक्त पक्का, जुना गाभा असेल तरच घ्या.

काही लाकडं स्वयंपाकघरात आणूच नयेत. बिब्बा कुठल्याही रूपात नको, त्याच्या चिकानं कातडीवर फोड येतात. कण्हेर विषारी आहे. तिच्या सरळ काठ्या पाहून कुणी चाटू किंवा शीग करायला जाईल तर थांबवा. बिजा पाण्यात रंग सोडतो, फळी धुतली की पाणी तांबूस पिवळं होतं. कडुनिंबाबद्दल नेहमी विचारणा होते. निंबाच्या लाकडाचा कडवट वास कणकेला लागू शकतो, त्यामुळे पोळपाट-लाटण्याला तो टाळलेला बरा.

जुन्या वाड्याच्या किंवा गोठ्याच्या मोडीतलं लाकूड वाळलेलं असतं आणि स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण आपल्याकडे उधईसाठी फाट्यांना (छताच्या वाशांना) आणि खांबांना डांबर, जळालेलं इंजिन ऑइल किंवा औषध लावायची पद्धत आहे. ते लाकडात खोल मुरतं आणि रंध्यानं निघत नाही. जुना तैलरंग लावलेलं लाकूडही नको, त्यात शिसं असू शकतं. ज्या लाकडाचा पूर्वीचा वापर खात्रीनं माहीत नाही, त्याची फळी करू नका.

परवानगीचं आधीच बघा. साग, आंबा, चिंच, मोह, बिजा, हळदू, तिवस ही झाडं ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४’ च्या यादीत आहेत. झाड आपल्याच बांधावरचं असलं तरी तोडण्याआधी परवानगी लागते, आणि साग गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास लागतो. एक-दोन फळ्यांसाठी एवढा खटाटोप नको असेल तर आरामशीनवरून पावतीसह चिरलेलं लाकूड घ्या. खिडक्या-दारांच्या चौकटींतून उरलेले सागाचे तुकडे बहुतेक वाढयांकडे (सुतारांकडे) पडून असतात आणि फळीला तेवढे पुरतात.

फळी हातात घेऊन काय बघायचं

टोकाच्या बाजूनं पाहा, तिथं झाडाच्या वळ्या, म्हणजे वाढीची वर्तुळं, दिसतात. वळ्या फळीच्या पृष्ठाला उभ्या, काटकोनात भिडत असतील तर ती फळी रुंदीत साधारण निम्मीच हलते आणि वाकत नाही. वळ्या कमानीसारख्या आडव्या असतील तर ती वाकणार हे धरून चाला. झाडाचा अगदी मधला गर फळीत आला असेल तर ती फळी सोडून द्या, तिथून चीर जातेच. सालीलगतचा पांढरट भाग पूर्ण कापून टाका. घुण आणि बुरशी आधी तिथंच लागते.

खोडाची गोल चकती कापून तिचा ठोकळा करायचा प्रकार अलीकडे फार दिसतो. लाकूड वाळताना वळ्यांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गरापासून सालीकडे आकसतं. म्हणजे परीघ जास्त आक्रसायला बघतो आणि आतला भाग त्याला जागा देत नाही, मग चकती सालीपासून गरापर्यंत उघडते. तेल लावून किंवा लोखंडी पट्टी ठोकून हे थांबत नाही. मटणाचा ठोकळा हवाच असेल तर गर वगळून, चिंचेच्या चौरस तुकड्यांची टोकं वर येतील असे ते जोडून करा.

## पायरी २: वाळवणी

सर्वांत जास्त कामं इथंच बिघडतात. झाड पानगळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत पडलेलं असावं आणि फेब्रुवारीच्या आत चिरून घ्यावं. तयार जाडी ७ सूत हवी असेल तर आरामशीनवर १० सूत, म्हणजे सव्वा इंच जाडीच्या फळ्या काढायला सांगा. वाळताना आणि सरळ करताना तीन सूत सहज जातात.

चिरून आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना लेप द्या. पातळ केलेलं मेण सर्वांत चांगलं, नाही तर जुना तैलरंग. शेण आणि चिकणमातीचा जाड लेपही चालतो, फक्त तो सुकून तडकला की पुन्हा द्यावा लागतो. टोकांतून ओलावा पृष्ठापेक्षा कितीतरी वेगानं निघतो. टोकं आधी वाळून आकसतात, मधला भाग ओला राहतो, आणि टोकाला उभ्या चिरा पडतात. एप्रिलची लू लागली तर एका आठवड्यात सहा-सहा इंच चिरा जातात. लेप दिलेली टोकं दोन-दोन इंच शेवटी कापून टाकायचीच आहेत, तेव्हा रंगाची काळजी नको.

रचाई अशी करा:

१. जागा सावलीची आणि हवेशीर. पडवी, मोकळा गोठा किंवा उत्तरेची भिंत चालेल. पत्र्याखाली उघड्यावर नको, दुपारी तिथं भट्टी होते.

२. जमिनीपासून दीड फूट उंच विटांचे किंवा दगडांचे आधार द्या. त्याहून खाली असेल तर उधई चढते आणि पावसाळ्यात जमिनीची ओल धरते.

३. दोन फळ्यांच्या मध्ये एक इंच जाडीच्या वाळलेल्या पट्ट्या, दर दीड फुटावर. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. पट्टी सरकली की फळी तिथंच वाकते.

४. सर्वांत वर दगड किंवा विटांचं वजन.

५. पश्चिमेकडून वारा येत असेल तर तो टोकांवर आदळू देऊ नका, बाजूनं जाऊ द्या. एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या अंगाला ओलं न करता गोणपाट टांगा.

सव्वा इंची फळीला अशा रचाईत आठ-दहा महिने लागतात. जानेवारीत रचलेली फळी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून नोव्हेंबरात कामाला येते, आणि नेमकी तीच वेळ आपल्याला हवी आहे.

> सावध: फळ्या उन्हात टाकून लवकर वाळवू नका. वरचं कवच वाळून घट्ट होतं, आत ओल राहते. अशी फळी करवतीखाली येताच फाकते किंवा करवत धरते.

### ओलावा तपासणे

कापूस विकताना ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसतो का हे आपल्याकडे प्रत्येक शेतकरी बघतो. फळीलाही हाच पट्टा, त्यातही ९ ते ११ टक्के सर्वांत चांगला. कापसाचं किंवा सोयाबीनचं मीटर मात्र लाकडावर चालत नाही, लाकडाचं दोन खिळ्यांचं मीटर वेगळं मिळतं.

मीटर नसेल तर वजनाची रीत अचूक आहे. फळीच्या टोकापासून एक फूट आतून एक इंच रुंदीची पट्टी आडवी कापा आणि लगेच ग्रॅमच्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि दर तासानं तोला. दोन वजनं लागोपाठ सारखी आली की ते कोरडं वजन. पट्टी आधी १२० ग्रॅम होती आणि कोरडी १०८ झाली, तर पाणी १२ ग्रॅम. १२ भागिले १०८ गुणिले १००, म्हणजे ११ टक्के. टोकाची पट्टी घेऊ नका, ती नेहमी खोटं कोरडं दाखवते.

ओव्हनही नसेल तर एक ठरावीक फळी दर पंधरा दिवसांनी तोला आणि वजन तिच्यावरच खडूनं लिहा. नोव्हेंबर-डिसेंबरात लागोपाठ दोन वजनं जुळली की लाकूड हवेशी बरोबरीला आलं.

### काम कुठल्या महिन्यात करायचं

जोडणी आणि अंतिम माप नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य याच काळात करा. तेव्हा लाकूड मे आणि ऑगस्टच्या बरोबर मध्ये असतं. पुढे ते थोडं फुगेल, थोडं आकसेल, दोन्ही ताण फळी सहन करते. मे महिन्यात घट्ट बसवलेलं काम श्रावणात फुगून बाक धरतं. ऑगस्टमध्ये जोडलेली फळी एप्रिलमध्ये सांध्यावर उघडते. लग्नसराईची ऑर्डर एप्रिलमध्ये द्यायची असली तरी जोडणी जानेवारीतच उरकून ठेवा.

## पायरी ३: ढोबळ कापून विसावा

वाळलेल्या फळीतून लगेच अंतिम माप काढू नका. आधी टोकं छाटा, मग १६ इंच लांबीचे आणि सव्वादोन इंच रुंदीचे पाच तुकडे काढा. रंध्यानं दोन्ही पृष्ठांवरून सारखं सारखं काढत जाडी ९ सुतांवर आणा. एकाच बाजूनं काढलं तर आतला ताण मोकळा होऊन तुकडा वाकतो.

आता हे तुकडे मध्ये काड्या ठेवून घरात पाच-सात दिवस उभे ठेवा. वाकायचे ते या दिवसांत वाकतात. वाकलेला तुकडा सरळ करता आला तर करा, पिळलेला बाजूला टाका. ही पायरी वगळणाऱ्याची फळी तेल लावल्यावर ओट्यावर डुगडुगते आणि तेव्हा काही करता येत नाही.

## पायरी ४: जोडणी

एकसंध दहा इंची फळी उभ्या वळ्यांची मिळाली तर जोडणीची गरजच नाही. तशी क्वचित मिळते, म्हणून पट्ट्या जोडणं हाच व्यवहार्य मार्ग.

मांडणी. पट्ट्या शेजारी मांडा. शक्यतो वळ्या उभ्या दिसतील अशा फिरवा आणि पृष्ठावरच्या (लाकडाच्या तंतूंच्या) रेषा एका दिशेनं जातील असं बघा, नाहीतर शेवटी रंधा मारताना एक पट्टी गुळगुळीत होईल आणि शेजारची ओरखडेल. पसंत पडल्यावर पाचही पट्ट्यांवरून खडूनं एक मोठा त्रिकोण काढा. पुढे गोंधळ झाला तरी क्रम परत सापडतो.

कडा. शेजारच्या दोन पट्ट्या पुस्तकासारख्या मिटून, दोन्ही कडा एकत्र रंधून काढा. रंधा किंचित तिरका गेला तरी एकीचा तिरकेपणा दुसरीत भरून निघतो. कोरड्याच जुळवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा रंधा. शिकंजा आवळून फट मिटवायची नाही, ती कधी ना कधी उघडतेच.

गोंद. नेहमीचा पांढरा फेविकॉल पाण्यानं परत मऊ होतो, तो इथं चालत नाही. फेविकॉल मरीनसारखा पाणी सोसणारा घ्या. साग आणि शिसव तेलकट असल्यानं गोंद धरत नाहीत, म्हणून लावण्याआधी कडा ॲसिटोनच्या फडक्यानं पुसा, दोन-तीन मिनिटं उडू द्या आणि लगेच गोंद लावा. हे काम चुलीपासून लांब करा, ॲसिटोन भपकन पेटतं. पुसून दुसऱ्या दिवशी चिकटवलं तर पुसण्याचा उपयोग उरत नाही, आतलं तेल पुन्हा वर येतं.

गोंद दोन्ही कडांना पातळ, सलग लावा. शिकंजे तीन घ्या: दोन खालून, एक वरून, म्हणजे फळी कमानीसारखी उचलत नाही. सांध्यावर मोहरीएवढे थेंब सगळीकडे सारखे दिसले की आवळणं थांबवा. सगळा गोंद बाहेर येईपर्यंत पिळणं ही फार वेळा होणारी चूक आहे, सांधा उपाशी राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. थेंब ओल्या फडक्यानं पुसू नका, पातळ गोंद रंध्रांत जातो आणि तिथं तेल मुरत नाही. तासाभरानं रबरासारखे झाले की पटाशीनं खरवडा.

थंडीच्या सकाळी उन्हं वर आल्यावर, खोलीत २० अंशांच्या पुढे असताना जोडा. आठ तासांनी शिकंजे काढता येतात, पण चोवीस तास रंधा लावू नका.

> तपासणी: उरलेल्या दोन तुकड्यांचा एक नमुना त्याच गोंदानं जोडा. दुसऱ्या दिवशी पटाशी सांध्यावर ठेवून हातोडीनं फोडा. लाकूड फाटलं तर जोडणी पक्की. सांधा स्वच्छ उकलला तर फळीही उकलेल, कडा पुन्हा पुसून जोडा.

## पायरी ५: अंतिम माप आणि कडा

दोन्ही पृष्ठांवरून सारखं काढत ७ सुतांवर या. लांबी-रुंदी गुण्यानं (काटकोन आखायच्या हत्यारानं) आखून कापा. टोकाकडच्या कडा रंधताना पलीकडचा कोपरा फुटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मध्याकडे रंधा. सगळ्या धारांना अर्ध्या सुताची गोलाई द्या. टोकदार धार आधी फुटते आणि तिथूनच पाणी आत जातं.

फळीला खाली पाय लावू नका, दोन्ही बाजू वापरात येतात आणि दोन्ही सारख्या वाळतात. सरकत असेल तर खाली ओलं फडकं अंथरा. रसाची खाच हवी असेल तर कडेपासून सहा सूत आत, एक सूत खोल, आणि एकाच बाजूला.

टोकांना आडवी पट्टी चिकटवायची सवय बऱ्याच वाढयांना आहे, दाराच्या फळ्यांना मारतात तशी. फळी रुंदीत हलते, पट्टी लांबीत हलत नाही. दोघांना गोंदानं बांधलं की फळी मध्ये फाटते. पट्टी नकोच.

## पायरी ६: घासणी

पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग १८०, मग २२०. प्रत्येक नंबर रेषेच्या दिशेनं, आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर तेल लावल्यावर खोल ओरखडे ठळक दिसतात. २२० च्या पुढे जाऊ नका, पृष्ठ इतकं मिटतं की तेल नीट मुरत नाही. सागाच्या आणि शिसवाच्या भुशानं खाज सुटते, शिरसाच्या भुशानं शिंका थांबत नाहीत. नाकातोंडाला फडकं बांधूनच घासा.

मग जी पायरी बहुतेक जण करत नाहीत ती करा. पूर्ण फळी ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसून रात्रभर उभी वाळवा. दाबले गेलेले तंतू सकाळी उभे राहतात आणि हात फिरवला की खरखरीत लागतं. २२० नं हलक्या हातानं तेवढेच कापा. पुन्हा एकदा ओलं करून हेच करा. हे आता केलं नाही तर पहिल्या धुण्यात फळी खरखरीत होते.

> तपासणी: तेलाआधी फळी सपाट ओट्यावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीनं दाबा. डुगडुगली तर आत्ताच रंधा. तेल मुरल्यावर रंधायचं तर तेलाचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

## पायरी ७: तेल

शेंगदाणा, सोयाबीन, तीळ, मोहरी ही तेलं लाकडात वाळत नाहीत. ती आतच राहून खवट होतात आणि त्यांवर धूळ चिकटते. चाटूला येणारा वास बहुधा याच कारणानं येतो. वॉर्निश, टचवूड किंवा चपड्याचं (लाखेचं) पॉलिश सुरीनं कापलं जातं, त्याची सालपटं भाजीत जातात, आणि खाली शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. चपडा तर गरम पाण्यानं पांढरा पडतो.

दोन मार्ग आहेत.

लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात ‘आयपी’ (औषधी दर्जाची खूण) लिहिलेली बाटली मिळते, तीच घ्या. हे वाळत नाही पण खवटही होत नाही. १५ बाय १० च्या फळीला एकूण ४० ते ५० मिली लागतं. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, दोन्ही पृष्ठांवर आणि विशेषतः टोकांवर सढळ लावा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून फळी उभी ठेवा. आठ तासांच्या अंतरानं तीन-चार हात. टोकं पीत असतील तोवर त्यांना देत राहा.

जवसाचं तेल. घाण्याचं, कच्चं, खाण्याचं. हे हवेत हळूहळू घट्ट होतं आणि कायम राहतं, म्हणून पोळपाटाला हेच बरं. हार्डवेअरच्या दुकानातलं रंगकामाचं डबल बॉइल्ड तेल घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. जवस अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. जाड थर कधीच पुरता वाळत नाही, वर साय धरते आणि चिकट राहतो. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तीन हात, मग तीन आठवडे वापर बंद.

> सावध: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती साठून फडकी आपोआप पेटतात. प्रत्येक फडकं पाण्यात बुडवून, मग अंगणात सुटं पसरून वाळवा. कापूस किंवा कडबा ठेवलेल्या घरात हा नियम एकदाही मोडू नका.

शेवटी मेण. शुद्ध मधमाशीचं मेण एक भाग आणि लिक्विड पॅराफिन चार भाग वजनानं घ्या. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर नको. मेण ६२-६५ अंशांना वितळतं. घट्ट झालेला लेप बोटानं चोळून लावा, तासाभरानं फडक्यानं घासा. मेणबत्ती वापरू नका.

तेल नेहमी दोन्ही बाजूंना सारखं. वरच्याच बाजूला लावलेली फळी खालून ओलावा घेत-सोडत राहते आणि वाकते.

## पोळपाट, लाटणं, चाटू, काठवट

पोळपाट: व्यास १० इंच, जाडी ६ सूत. फाटायचं मुख्य कारण त्याचे पाय. दोन आडव्या पट्ट्या रेषेला आडव्या येतात आणि खिळे किंवा गोंदानं पूर्ण जखडलेल्या असतात. प्रत्येक पट्टी तीन स्क्रूंनी बसवा. मधलं भोक घट्ट, बाजूची दोन्ही स्क्रूच्या जाडीच्या दुप्पट लांबट, पोळपाटाच्या रेषेला आडवी. गोंद फक्त मधल्या दोन इंचांत. स्क्रू पितळेचे किंवा स्टीलचे घ्या, साध्या लोखंडानं सागावर आणि बाभळीवर काळे डाग पडतात. लाटायच्या पृष्ठाला मेण नको, कणीक सरकते.

लाटणं: १२ इंच लांब, मध्ये १० सूत, टोकांना ७ सूत. तुकडा चिरलेला नको, रेषेवर कुऱ्हाडीनं फोडलेला हवा. फोडलेल्यात रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग जाते, त्यामुळे लाटणं वाकत नाही. खरादाला लावण्याआधी महिनाभर घरात राहू द्या. रंगीत लाख कणकेला लागणाऱ्या भागावर नको.

चाटू आणि सराटा: दांड्यात गाठ किंवा आडवी रेषा नको, तिथंच तुटतो. वाटीच्या पोटात पॉलिश पेपर फिरत नसेल तर काचेच्या तुकड्यानं खरवडा, हातमोजे घालून.

काठवट: हिचा क्रम फळीच्या उलट आहे. ओल्या लाकडातच, गर वगळून, ढोबळ कोरायची. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची, म्हणजे १५ इंचांला दीड इंच. मग भुशात किंवा गोणपाटात गुंडाळून सावलीत पाच-सहा महिने. ती लंबगोल होईल, होऊ द्या, जादा जाडी त्यासाठीच आहे. वाळल्यावर पुन्हा कोरून गोल करा. वाळलेल्या अखंड ओंडक्यातून काठवट काढायला गेलात तर ओंडका आधीच आतून तडकलेला निघतो.

## वापरात होणाऱ्या चुका आणि दुरुस्ती

साबणानं धुवायला हरकत नाही, पण दोन्ही बाजू धुवा आणि लगेच पुसून उभी ठेवा. मोरीत किंवा भांड्यांच्या ढिगात भिजत पडलेली फळी एका रात्रीत सांधा सोडू शकते. धुऊन कडक उन्हात टाकू नका. उन्हाळ्यात कुलरच्या झोतात ठेवलेली फळीही वाकते, तिची एक बाजू ओल्या हवेत आणि दुसरी भिंतीला असते. मटण-मच्छीची फळी वेगळी ठेवा.

हळदीचा डाग लिंबू-मिठानं चोळून कोवळ्या उन्हात तासभर ठेवला की फिका होतो, हळदीचा रंग उन्हानं उडतो.

पृष्ठावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर तेल शाबूत, पसरून मुरला तर एक हात द्या. आपल्याकडे मार्च सुरू होताना आणि मृगाच्या आधी असे दोन हात चुकवू नयेत, बाकी थेंब सांगेल तसं.

फळी वाकली तर खोलगट बाजू खाली करून दमट फडक्यावर रात्रभर ठेवा, वर वजन. ती बाजू कोरडी पडून आकसलेली असते, ओलावा मिळाला की सरळ येते. सकाळी उभी वाळवून दोन्ही बाजूंना तेल.

चीर पडली तर गोंद आणि भुसा भरू नका, पुढच्या मोसमात तो भराव पाचरीसारखा चीर आणखी फाकवतो. फळीला आधीच तेल मुरलेलं असल्यानं चिरेवरून करवतीनं पूर्ण दोन तुकडे करा, कडा रंधून ताजं लाकूड काढा, ॲसिटोननं पुसा आणि चौथ्या पायरीप्रमाणे पुन्हा जोडा. रुंदी दोन-तीन सूत कमी होते, फळी वाचते. मांसाच्या फळीला चीर पडली असेल तर मात्र जोडू नका. चिरेत गेलेलं रक्त-पाणी धुऊन निघत नाही, ती चुलीत घाला.